सासूबाईंच्या घोट्याला रोज नवा कोट

जगात अशी एकही वस्तू नाही, जी नीट घासली, स्पिरिटनं पुसली आणि वर एक कोट मारला की सुधारत नाही, असं पॉलिशवाल्याचं ठाम मत होतं. उभा जन्म त्यानं लोकांची टेबलं, कपाटं आणि दरवाजे चकचकीत करण्यात घालवला होता. त्यामुळे समोर काहीही आलं की ‘याला किती कोट लागतील?’ हाच विचार त्याच्या मनात आधी यायचा. बायकोला बघायला गेला तेव्हासुद्धा त्यानं म्हणे आधी ती बसली होती त्या खुर्चीचा हात चाचपून पाहिला होता. बायको ही गोष्ट अजून विसरलेली नाही आणि विसरणारही नाही.

तर अशा या कारागिराच्या हाती एके दिवशी लाकडाऐवजी सासूबाईंचा पाय आला.

सासूबाई पलीकडच्या गल्लीत एकट्या राहायच्या. पासष्टी ओलांडलेली, पण तब्येत खणखणीत. जन्मभर त्या पाण्याला घाबरत आल्या होत्या. बादली काठोकाठ भरली तरी त्यांच्या छातीत धडधडायचं. पण सासरे गेले, घर खायला उठलं, आणि एक दिवस त्या तडक जलतरण तलावावर जाऊन नाव घालून आल्या. पहिले काही महिने त्यांनी काठाचा पाइप सोडला नाही. नंतर सोडला तो सोडलाच! गेल्या वर्षी तलावावरच्या ज्येष्ठांच्या शर्यतीत त्या दुसऱ्या आल्या. हातभर मागे राहिल्या, एवढंच. पहिली आली ती पोस्टातून निवृत्त झालेली एक बाई. तिला सगळे पोस्टबाईच म्हणत. पोस्टबाईनं सासूबाईंच्या ओल्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, “या वयात दुसरा नंबर म्हणजेसुद्धा पुष्कळ झालं हो!”

वास्तविक पोस्टबाई त्यांच्याहून वयानं मोठी होती! सासूबाई तेव्हा नुसत्या हसल्या. पण ते वाक्य माशाच्या काट्यासारखं त्यांच्या घशात अडकलं, ते वर्षभर निघालं नाही. यंदा पहिलं यायचं आणि पोस्टबाईच्या पाठीवर तश्शीच थाप मारायची, या एका इच्छेपायी त्या रोज सकाळी उठून पाणी कापत होत्या.

शर्यत पंधरवड्यावर आली होती. सासूबाई पोहून परतताना नेहमीसारख्या लेकीकडे चहाला आल्या. दारातच जावयानं पॉलिशचा डबा उघडून ठेवला होता. डब्याचं पत्र्याचं झाकण वाकवून तसंच उभं सोडलेलं. सासूबाईंचा पाय त्याला घासला आणि घोट्याच्या वर चांगली दोन बोटं लांब चीर पडली.

“आई गं!” सासूबाई ओरडल्या.

“माझा डबा!” पॉलिशवाला ओरडला.

हा क्रम बायकोनं मनात नीट नोंदवून ठेवला.

रक्त थांबलं, चिंधी बांधली, चहा झाला. मग सासूबाई एकदम म्हणाल्या, “लागल्याचं काही नाही गं. पण तलावाच्या दारावर पाटी आहे, उघडी जखम असेल तर पाण्यात उतरायचं नाही. माझी शर्यत गेली!” आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पॉलिशवाला ओशाळला. ओशाळलेला माणूस एक तर गप्प बसतो, नाही तर फुशारकी मारतो. गप्प बसणं याला कधी जमलं नव्हतं.

“आई, अजिबात काळजी करू नका! शर्यतीपर्यंत पाय नव्यासारखा करून देतो! चीर कुठे होती हे शोधून सापडणार नाही!”

“अहो, डॉक्टरांना दाखवू या,” बायको म्हणाली.

“डॉक्टर काय वेगळं करणार? वरचा मळ काढायचा, जंतू मारायचे, औषधाचा थर द्यायचा. मी रोज दुसरं काय करतो?”

खरी गोष्ट वेगळीच होती. त्याचं काम नेमकं डॉक्टरांच्याच दवाखान्यात चाललं होतं. डॉक्टरांचं टेबल त्यानं पॉलिशला घेतलं होतं. तिथे सासूबाईंना नेलं तर ‘कशानं लागलं?’ हा प्रश्न येणार, आणि ‘माझ्या डब्यानं’ हे उत्तर त्याच्या तोंडून निघेना. त्यापेक्षा घरच्या घरी उरकलेलं बरं!

त्यानं कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि जखमेवर दाबला. सासूबाईंनी अशी किंकाळी फोडली की समोरच्या घरातल्या माणसानं खिडकी उघडली. दुसरी ऐकल्यावर त्यानं ती घाईघाईनं लावून घेतली.

“झोंबतंय म्हणजे लागू पडतंय,” पॉलिशवाला समाधानानं म्हणाला.

मग तो औषधांच्या दुकानात गेला.

“एवढं स्पिरिट? आयोडीन? आणि पेरॉक्साइडच्या इतक्या बाटल्या?” औषधवाल्यानं विचारलं. “काय काम काढलंय मिस्त्री?”

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. सासूला जखमी केलं असं चारचौघांत कसं सांगायचं?

“घरचंच एक जुनं काम आहे.”

“सागवान?”

पॉलिशवाल्याच्या डोळ्यांपुढे सासूबाईंचा चेहरा आला. “सागवानापेक्षा टणक.”

लाकडावरचे डाग घालवायला पॉलिशवाले पेरॉक्साइड नेतात, हे औषधवाल्याला ठाऊक होतं. त्यानं मान डोलावली. “मग सढळ हातानं वापरा! जुन्या मालाला हात आखडून चालत नाही.”

घरी आल्या आल्या पॉलिशवाल्यानं बाटल्या मांडल्या आणि जाहीर केलं, “औषधवाल्यानं खास सांगितलंय, सढळ हातानं वापरा म्हणून!”

त्यानंतर रोजचं काम सुरू झालं, आणि काम म्हटलं की हा माणूस कुचराई करणारा नव्हता. सकाळी आदल्या दिवशीची खपली स्पिरिटच्या बोळ्यानं भिजवून अलगद काढायची, कारण जुना कोट न काढता नवा मारला तर पोपडे येतात. मग पेरॉक्साइड ओतायचं. ते ओतलं की जखमेवर पांढरा फेस यायचा.

“बघा, बघा! मळ कसा वर येतोय!”

फेस थांबला की पुन्हा स्पिरिट, सासूबाईंची किंकाळी, आणि शेवटी आयोडीनचा तपकिरी हात, एकाच दिशेनं, एकसारखा. संध्याकाळी हेच पुन्हा. औषधाची कड उठून दिसायला नको म्हणून तो रोज थोडं बाजूलाही लावत गेला. लोक अर्ध्या हळकुंडानं पिवळे होतात. सासूबाई अर्ध्या बाटलीत बोटांपासून पोटरीपर्यंत तपकिरी झाल्या. रंग मात्र असा सुरेख एकसारखा बसला होता की पॉलिशवाला दोन पावलं मागे सरून बघतच राहिला.

“आई, जोडीला दुसराही करून टाकू का?”

“हात तर लावून बघा!”

काही दिवसांनी बायको वाकून म्हणाली, “अहो, जखम मोठी झाल्यासारखी वाटतेय.”

“मोठी नाही झाली, उठून दिसतेय. हात चांगला बसला की लाकडाची रेघ उठून दिसते, तसं.”

“आणि ओलसर का आहे?”

“फेस अजून येतोय ना? म्हणजे मळ अजून शिल्लक आहे. आता दुपारचाही एक हात द्यावा लागणार!”

सासूबाई बिचाऱ्या सोसत होत्या. शर्यतीसाठी त्यांनी पायावर निखारा ठेवून घेतला असता. जावयाच्या हाताला गुण आहे, असं सगळी गल्ली म्हणायची. गल्लीचं म्हणणं दरवाजांबद्दल होतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

अखेर न राहवून त्या एका सकाळी तलावावर गेल्याच. तलावावरच्या मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी तो तपकिरी पाय पाहिला, मग पट्टी जरा उचलून आत पाहिलं आणि पटकन खाली ठेवली.

“आजी, हे घेऊन तुम्ही पाण्यात उतरणार? अहो, ताजी दिसतेय जखम! काल लागलं का?”

“नाही गं, आठवडा होऊन गेला.”

“मग आठवडाभर काय केलंत? नाही, नाही. कातडी धरल्याशिवाय मी सोडणार नाही. शर्यतीलासुद्धा नाही!”

मागून पोस्टबाई अंग पुसत येत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती अगदी मायेनं म्हणाली, “राहू दे हो यंदा. जिवापेक्षा का शर्यत मोठी आहे? घरी पडून आराम करा!”

सासूबाई लेकीच्या घरी आल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. त्या रागावल्या असत्या तर लेकीला बरं वाटलं असतं. त्या नुसत्या बसून राहिल्या. लेकीनं जेवणाचं विचारलं नाही, नवऱ्याला विचारलं नाही. रिक्षा बोलावली आणि आईला थेट दवाखान्यात घेऊन गेली.

दवाखान्यात त्या वेळी पॉलिशवाला डॉक्टरांना फैलावर घेत होता. कारण डॉक्टर तसे हुशार, पण त्यांना एक वाईट खोड होती. पॉलिश वाळलं का, म्हणून ते येता-जाता टेबलाला अंगठा टेकवून बघायचे. दर वेळी ठसा उठायचा आणि दर वेळी पॉलिशवाल्याला ते घासून पुन्हा कोट मारावा लागायचा.

“डॉक्टरसाहेब, कितीदा सांगू? एकदा कोट मारला की हात लावायचा नाही! त्याला स्वस्थ पडू द्यायचं, तो आपला आपण बसतो. तुम्ही बोट लावणार, मी घासणार, पुन्हा मारणार, तुम्ही पुन्हा बोट लावणार. असं केलं तर जन्मात वाळेल का?”

“अहो, वाळतंय का तेच तर बघत होतो!” डॉक्टर अपराध्यासारखे म्हणाले.

“बघायचंच नाही! बघितलं की बिघडतं!”

एवढ्यात दार उघडलं आणि लेकीच्या खांद्याला धरून सासूबाई आत आल्या. पॉलिशवाला चटकन टेबलाखाली गेला आणि टेबलाचा एक पाय फार बारकाईनं न्याहाळू लागला.

डॉक्टरांनी पट्टी सोडली. नाकाला रुमाल लावला. “हे काय लावलंय?”

“मी नाही लावलं,” सासूबाई म्हणाल्या. “जावयांनी पॉलिश केलंय.”

डॉक्टरांनी सावकाश वाकून टेबलाखाली पाहिलं. “मिस्त्री?”

“अं?”

“काय काय लावलंत?”

पॉलिशवाला रांगत बाहेर आला. “स्पिरिट. पेरॉक्साइड. आयोडीन. पद्धतशीर! दिवसातून तीनदा.”

“आणि खपली?”

“जुना कोट म्हणून रोज काढायचे,” सासूबाईंनी परस्पर सांगून टाकलं.

डॉक्टर खुर्चीत टेकले. “अहो, जखम धुवायची ती पहिल्यांदा, नीट, स्वच्छ पाण्यानं. जंतुनाशक लावायचं ते बेतानं. इथले जंतू केव्हाच मेले! त्यानंतर तुम्ही रोज मारत होतात ती नवी कातडी. ती बिचारी कडेनं जरा पुढे सरकली की तुम्ही स्पिरिट घेऊन हजर! खपली म्हणजे मळ नव्हे, तिच्या आड काम चाललेलं असतं.”

“पण फेस येत होता ना!”

“जखमेवर पेरॉक्साइड घातलं की फेस येणारच. रोज घाला, रोज येईल. तुम्ही दमाल, फेस दमणार नाही!”

पॉलिशवाल्यानं शेवटचा धागा धरला. “औषधवाल्यानंच सांगितलं होतं, सढळ हातानं वापरा म्हणून!”

डॉक्टरांनी लगेच दुकानात फोन लावला. औषधवाल्याचा आवाज मूळचाच मोठा. तो सगळ्या खोलीला ऐकू आला. “मला वाटलं टेबल आहे!”

“टेबल नाही हो, सासू आहे!”

“अरे देवा! मग ‘सागवानापेक्षा टणक’ म्हणून का सांगितलं त्यांनी?”

सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं. त्या नजरेनं टेबलावरचा कोट जागच्या जागी वाळला असता.

डॉक्टरांनी फोन ठेवला. “मिस्त्री, मघाशी मला काय सांगत होतात?”

पॉलिशवाला गप्प. जन्मात पहिल्यांदा.

“काय सांगत होते?” बायकोनं विचारलं.

“एकदा कोट मारला की हात लावायचा नाही. स्वस्थ पडू द्यायचं. बघितलं की बिघडतं,” डॉक्टर म्हणाले.

डॉक्टरांनी जखम साध्या पाण्यानं धुतली, पातळसं मलम लावलं, पट्टी बांधली आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. या साऱ्या वेळात सासूबाई एकदाही ओरडल्या नाहीत. मग त्यांनी हळूच विचारलं, “रविवारी शर्यत आहे. जमेल का हो?”

“जखम खोल नाही, साखरेचा त्रास नाही. कातडीला तिचं काम करू दिलं तर कदाचित धरेल. शब्द देत नाही. पट्टी बदलायची ती मीच बदलेन, घरी कुणीही सोडायची नाही.”

“कदाचित पुष्कळ झालं,” सासूबाई म्हणाल्या. दारात थांबून त्या जावयाकडे वळल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. “जावईबापू, तुमचे सासरे गेल्यापासून मी स्वतःसाठी म्हणून मागितलेली ही एकच गोष्ट आहे. आता तुम्ही काही करू नका. काही म्हणजे काहीच नका करू.”

त्याला फार वाईट वाटलं. सासूबाई चार शिव्या देत्या तर त्यानं आनंदानं खाल्ल्या असत्या. दोघी गेल्यावर डॉक्टरांनी आणि त्यानं आपसांत करार केला. तो पायाला हात लावणार नाही, डॉक्टर टेबलाला लावणार नाहीत.

पण काही न करणं याइतकं कष्टाचं काम नाही! रोज संध्याकाळी तो सासूबाईंकडे विचारपूस करायला जायचा. सासूबाई पाय स्टुलावर टाकून बसलेल्या, आणि मांडीवर छत्री. पाऊस नव्हता.

“आई, नुसती पट्टीची कड जरा...”

छत्री वर व्हायची. तो मागे सरायचा.

घरी आला की त्याचे हात शिवशिवायचे. त्यानं दोन दिवसांत दाराची कडी चमकवली, झाऱ्याची मूठ चमकवली, आणि पोळपाट उचलला तेव्हा बायको कडाडली, “बाहेर जा आणि काय घासायचं ते घासा!”

तो हिंडत हिंडत तलावावर गेला. तिथे कोपऱ्यात विजेत्यांनी उभं राहायच्या तीन लाकडी पायऱ्या पडल्या होत्या. रंग उडालेला, कडा खरबडीत. त्याला वाटलं, कातडी धरली, शर्यत झाली आणि आई पहिल्या आल्या, तर उभं राहायला जागा तरी नीट हवी. मॅडमना विचारून शनिवारी दुपारी त्यानं त्या पायऱ्या घासल्या, पुसल्या आणि मन लावून कोटावर कोट मारले. एकाही पैशाचं नाव काढलं नाही. आठवड्यातलं हे त्याचं एकमेव शहाणपणाचं काम, असं बायकोसुद्धा म्हणाली. म्हणायची तिनं जरा घाईच केली.

रविवार उजाडला. ज्येष्ठांची शर्यत म्हणून डॉक्टर तलावावर हजर होतेच. त्यांनी काठावर सगळ्यांसमोर पट्टी सोडली. पॉलिशवाल्यानं डोळे मिटून घेतले.

“धरली!” डॉक्टर म्हणाले.

पॉलिशवाल्यानं डोळे उघडले. घोट्याच्या वर गुलाबी, कोवळी, अखंड कातडी होती. तिथे त्यानं काहीच केलेलं नव्हतं. त्याला एकदम भरून आलं. नाक पुसता पुसता त्याला डॉक्टरांच्या अंगठ्यावर टेबलाच्या पॉलिशचा ताजा डाग दिसला, पण आज तो काही बोलला नाही.

मॅडमनी चष्मा लावून पाय पाहिला. “जा आजी.”

शिट्टी झाली. पाण्यात सगळ्यांचे हातपाय सारखेच दिसत होते, पण सासूबाई कुठे आहेत हे शोधावं लागत नव्हतं. एक पाय गोरा आणि एक अक्रोडी, असा जो कुणी पुढे चालला होता, त्या सासूबाई! अर्ध्या वाटेपर्यंत पोस्टबाई पुढे होती. मग दोघी बरोबर आल्या. बायको “आई, आई!” ओरडत होती, पॉलिशवाला “हात आखडू नका! सढळ, सढळ!” म्हणून किंचाळत होता. शेवटच्या क्षणी सासूबाईंचा हात काठाला आधी लागला.

त्या वर आल्या, दम खाल्ला, आणि पोस्टबाईच्या ओल्या पाठीवर अशी थाप मारली की आवाज पलीकडच्या भिंतीवर आपटून परत आला. “या वयात दुसरा नंबर म्हणजेसुद्धा पुष्कळ झालं हो!”

मग बक्षीस समारंभ. सासूबाई मधल्या उंच पायरीवर, पोस्टबाई शेजारच्या, तिसरी एक आजी तिसऱ्या. सगळ्या अनवाणी, सगळ्या ओल्या. पदकं घातली, टाळ्या झाल्या, फोटो निघाले.

“आता खाली या,” मॅडम म्हणाल्या.

कुणी खाली येईना.

“आई, या ना!” लेक म्हणाली.

“येता येत नाहीये!” सासूबाईंनी एक टाच ओढून पाहिली. चर्र असा आवाज झाला आणि टाच पुन्हा बसली. तलावाकाठच्या दमट हवेत पॉलिश वाळलंच नव्हतं!

सगळ्या माना पॉलिशवाल्याकडे वळल्या. डॉक्टर पायऱ्यांपाशी गेले, वाकले, आणि अंगठा टेकवून बघितलाच. “मिस्त्री, हे स्पिरिटनं निघेल ना?”

मॅडमनी धावत जाऊन प्रथमोपचाराच्या पेटीतली स्पिरिटची बाटली आणि कापूस आणून पॉलिशवाल्याच्या हातात दिला. त्यानं वर पाहिलं. सासूबाई छत्री शोधत होत्या.

पॉलिशवाल्यानं बाटली खाली ठेवली आणि दोन्ही हात मागे बांधले. “हात लावू नका,” तो बारीक आवाजात म्हणाला. “आपोआप निघेल.”

“निघेल, पण कधी?” दुसऱ्या पायरीवरून पोस्टबाई करवादली.

पहिल्या पायरीवर सासूबाईंनी गळ्यातलं पदक सारखं केलं. “घाई कुणाला आहे? मी इथे बरी आहे!”